कार्नींना पदक मिळायला ३७ वर्षे का लागली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील यादवी युद्धावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मात्र त्यात सार्जंट विल्यम कार्नी हे ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय असल्याचे म्हटले आहे, ते बरोबर नाही. त्यांचा पराक्रम सर्वांत आधीचा, १८ जुलै १८६३चा. पदक मात्र मिळाले २३ मे १९०० रोजी. तोवर त्याच युद्धातल्या इतर अनेक कृष्णवर्णीयांना ते देऊनही झाले होते. ‘पहिले’ म्हटले की हा उशीर झाकला जातो, म्हणून हे पत्र.

कार्नी १८४० साली व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये गुलाम म्हणून जन्मले. पुढे उत्तरेच्या सैन्यातल्या, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४व्या पलटणीत भरती झाले. चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या किल्ल्यावरील हल्ल्यात निशाण धरणारा कोसळताच त्यांनी ते उचलले आणि तटापाशी रोवले. पलटणीचे प्रमुख कर्नल रॉबर्ट शॉ तिथेच मारले गेले, हल्ला फसला. माघार घेताना कार्नींनी निशाण काठीला गुंडाळले आणि गोळ्या लागत असतानाही ते खाली पडू दिले नाही. वाटेत न्यूयॉर्कच्या पलटणीतला एक शिपाई म्हणाला, आण, मी धरतो. कार्नींनी नकार दिला: ५४व्या पलटणीच्या माणसाखेरीज हे कुणी धरायचे नाही.

याच पलटणीची दुसरी लढाई पगाराची होती आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. पलटणीने पगारच घ्यायचा नाही असे ठरवले. फरक आम्ही भरून देतो, असे राज्य सरकार म्हणाले, तेही नाकारले. घरी बायकापोरे असताना! अखेर जून १८६४मध्ये संसदेने समान वेतन मान्य केले. मला तरी हे धाडस तटावरच्या धाडसापेक्षा कमी वाटत नाही.

जखमांमुळे कार्नींना त्याच जून महिन्यात सैन्य सोडावे लागले. पुढे न्यू बेडफर्डमध्ये ते पोस्टमन झाले आणि ३२ वर्षे टपाल वाटत राहिले. मी स्वतः टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे. धडधाकट पायांनीही रोजची बीट संध्याकाळपर्यंत जीव काढते, हे आम्हालाच ठाऊक. पदक आले तेव्हाही त्यांची नोकरी चालूच होती! निवृत्तीनंतर त्यांनी बोस्टनच्या स्टेट हाउसमध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य इमारतीत, निरोप्याचे काम धरले आणि १९०८मध्ये तिथल्याच लिफ्टच्या अपघातात ते गेले.

लेखकमहाशय या विषयावर आणखी लिहिणार असतील, तर पगाराचा वाद आणि टपालातली ही वर्षे यांना निदान अर्धा रकाना द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, मिरज