उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझी वॅगन आर २००९ ची, बाबांनी घेतलेली. आईला गारगोटीहून कोल्हापूरला तपासणीला आणायचं तर हीच गाडी लागते. जूनमध्ये मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. आई शेजारी बसलेली. त्या दिवशी मी खरंच घाबरले.

पुढचे आठ दिवस कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली भरायची आणि रिकामी व्हायची, खाली मात्र एक थेंब नाही. एका गॅरेजनं सांगितलं, इंजिनच बदला, सत्तर हजार. दुसऱ्यानं तीनशे रुपयांची पावडर रेडिएटरमध्ये टाकायला दिली, तीन दिवस बरं वाटलं. सत्तर हजार माझ्याकडं नव्हते आणि पावडरीच्या भरवशावर आईला गाडीत बसवायची हिंमत नव्हती.

तुमच्याकडं आले तेव्हा मी पहिलाच प्रश्न खर्चाचा विचारला. तुम्ही म्हणालात, "ताई, मापल्याबिगर मी काय बोलत न्हाई."

चारही प्लग काढून तुम्ही कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मापायचं, मीटर लावलंत आणि मला जवळ बोलावलंत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला काटा बाराच्या पुढं गेला, दुसऱ्या-तिसऱ्याला सहावरच थांबला. मग त्या दोन्हींत चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मापलंत. काटा हलला नाही. "वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणायच्या. शेजारशेजारची दोनच पडल्यात म्हंजे मधलं गॅस्केट जळलंय." गॅस्केट म्हणजे इंजिनचा ठोकळा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला पातळ थर, हे तेव्हा कळलं. सत्तर हजारांचा घोर तिथंच निम्मा झाला.

तरी तुम्ही लगेच काम धरलं नाहीत. गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा गंजलाय का ते ठोकून पाहिलंत. आरसी बुक मागितलंत. १५ वर्षांनंतरचं फेरपासिंग २०२९ पर्यंत आहे म्हटल्यावर म्हणालात, तेवढी वर्षं चालेल एवढाच खर्च करा. दुसरं इंजिन बसवलं तर त्याची कागदपत्रं लागतात, नवा नंबर आरटीओत चढवावा लागतो, हे आधीच्या दोघांपैकी एकानंही सांगितलं नव्हतं. आणि एक अट घातलीत: हेडला तडा निघाला तर तिथंच थांबायचं, त्यावर पुढं एक रुपया घालायचा नाही.

हेड उतरल्यावर त्यावर सरळ पट्टी उभी धरलीत, मागून टॉर्च लावलीत. मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं होतं. नुसतं गॅस्केट बदललं असतं तर ते पुन्हा जळलं असतं, हे त्या रेघेनं मला कळलं. तडा नव्हता. पलीकडच्या गल्लीतून फेसिंग करून, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करून, आणलंत, आणि मूळ कारण असलेला अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कुलंट सोडणारी झडप, बदललात. बोल्ट मधून कडेकडं, टॉर्क पान्यानं, टप्प्याटप्प्यानं आवळलेत. घाईनं काम उरकलं असतंत तरी मला कळलं नसतं.

बिल १४,२०० रुपये झालं. जुनं गॅस्केट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलंत. दोन भोकांमधली नखाएवढी पट्टी काळी पडून तुटली होती. ते मी अजून ठेवलंय.

माझ्यासारखीला, जिला बॉनेटखालचं काहीच कळत नाही, तिला तुम्ही प्रत्येक पायरीवर समोर उभं करून दाखवलंत आणि मग म्हणालात, "आता तुम्हीच ठरवा." इतक्या आदरानं मला कुठल्याच गॅरेजात कुणी वागवलं नव्हतं. त्याचे आभार बिलात बसत नाहीत, म्हणून हे पत्र.

गारगोटीच्या अकरा फेऱ्या झाल्या. कुलंट खुणेवरून हललेलं नाही. आई आता काट्याकडं न बघता मुदाळ तिट्ट्यापर्यंत झोपते.

पुढच्या महिन्यात ऑईल बदलायला येते.

तुमची,
वॅगन आरवाली ताई