माहितीपत्रकात 1,180 किलो, धरमकाट्यावर 1,640

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: माझ्या गाडीला न पेलणारा कॅरावॅन ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) विकल्याबद्दल

महोदय,

तुमच्या शोरूममध्ये मी गाडीचे मॅन्युअल बरोबर आणले होते. ते कुणी उघडलेसुद्धा नाही. "दोन हजार सीसी आहे ना काका, आरामात खेचेल," एवढ्यावर सौदा झाला. खेचलाही. माझी तक्रार चढाची नाही, उताराची आहे.

इंदूरहून महेश्वरला जाताना मानपूरच्या पुढे घाट उतरू लागलो आणि ट्रेलर गाडीला मागून ढकलू लागला. मग तो डावी-उजवीकडे असा डोलायला लागला की स्टिअरिंग हातात राहीना. ॲक्सिलरेटर सोडून चाक सरळ धरून ठेवले, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. सौ. धामनोदपर्यंत एक शब्द बोलली नाही. असे आमच्याकडे कधी होत नाही.

तिथल्याच धरमकाट्यावर ट्रेलर सोडवून तोलला: 1,640 किलो. तुमच्या माहितीपत्रकात 1,180. टाकीतले 120 लिटर पाणी म्हणजे 120 किलो, आमचे सामान फार तर 100 (इंदूरकरांच्या शेव-नमकीनसकट). उरलेले 240 किलो कुठले? एसी, दोन बॅटऱ्या, छत्री, आतली कपाटे. सगळे तुम्हीच बसवलेले. म्हणजे छापलेला आकडा रिकाम्या सांगाड्याचा.

माझ्या मॅन्युअलात मर्यादा आहे ट्रेलरला ब्रेक असल्यास 1,500 किलो, नसल्यास 750. ब्रेक तुमच्या कोटेशनमध्ये 'ऐच्छिक' होते, शोभेच्या पट्ट्यांच्या खाली. तेव्हा तुमचा 1,180 खरा धरला तरी हा ट्रेलर मला विकायलाच नको होता.

शिवाय पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे. गाडीला जोडतात त्या हुकावर ट्रेलरचा भार भरला 45 किलो, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या तीन टक्केही नाही. अमेरिकेत 10 ते 15 टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी. पण हुकावर इतका कमी भार धोक्याचाच. शेपूट जड झाली की ट्रेलर डोलणारच.

नुसते ब्रेक बसवून भागणार नाही, कारण वजन 1,500 च्या वरच राहते. ट्रेलर परत घ्या आणि पूर्ण रक्कम 15 दिवसांत द्या. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. धरमकाट्याची पावती आणि तुमचे माहितीपत्रक सोबत जोडले आहे.

आपला,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर