दिवाळीतल्या पन्हाळ्याविषयी, आई-बाबांना

कोल्हापूर,
दि. १६ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर बाबांनी दिवाळीचा बेत सांगितला तेव्हा मी फक्त "बघू" एवढेच म्हणाले आणि ते बाबांना आवडले नाही, हे त्यांच्या आवाजावरून माझ्या लक्षात आले. पाडवा झाला की सगळ्यांनी दोन दिवस पन्हाळ्यावर मुक्काम करायचा, छकुलीला बाबागाडीत बसवून बाबांनी स्वतः ती गाडी ढकलत गड दाखवायचा आणि आईने मोरोपंतांचे जन्मगाव पाहायचे, असा तो बेत होता. फोनवर या गोष्टी नीट बोलता येत नाहीत, कारण मी अडचण सांगायला लागले की बाबा "अगं, त्यात काय एवढं" म्हणून आईच्या हाती फोन देतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्यात नन्नाचा पाढा नाही. आम्ही परवा शनिवार-रविवारी त्याच बाबागाडीसह पन्हाळ्यावर मुक्काम करून आलो आणि जे पाहिले ते तुम्हाला जसेच्या तसे कळवावे, एवढाच हेतू आहे. पितृपंधरवडा असल्यामुळे गर्दी कमी होती आणि खोली सहज मिळाली. सासूबाईंनी मात्र या दिवसांत कशाला सहलीला निघालात म्हणून दोनदा विचारले.

कोल्हापूरहून पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर आहे. वाघबीळचा घाट चढून नाक्यावर प्रवासी कर भरेपर्यंत छकुली मागच्या आसनावर झोपलेली होती, त्यामुळे प्रवासाविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. एवढेच सांगते की बाबागाडी घडी घातली तरी डिकीचा अर्धा भाग अडवते आणि तुम्हां दोघांच्या बॅगा आल्या, तर एकीला मांडीवर बसावे लागेल.

खरी अडचण गाडीतून खाली उतरल्यावर सुरू झाली. बाबा, तुम्ही दिलेल्या बाबागाडीत दोष नाही. घरात, सोसायटीच्या आवारात आणि रंकाळ्याच्या काठावर ती इतकी हलकी चालते की एका हाताने ढकलता येते. परंतु तिची पुढची चाके माझ्या तळहाताहूनही लहान आहेत आणि सगळीकडे वळता यावे म्हणून ती स्वतःभोवती फिरतात. अशा चाकाला बोटभर उंचीची कड आडवी आली, तरी ते आडवे फिरून अडते, आणि मागून ढकलणाऱ्याचे वजन पुढे जात असल्याने गाडी बाळासकट पुढे कलते. पहिल्याच तासात हे दोनदा घडले. छकुली पट्ट्यांनी बांधलेली होती म्हणून निभावले. त्यानंतर मी पुढची चाके खटका दाबून सरळ अडकवली आणि वळायची वेळ आली की दांडा खाली दाबून, गाडी मागच्या दोन चाकांवर तोलून वळवू लागले. एकोणीस किलोचा तो सगळा भार (गाडी आठ, छकुली अकरा) दर वीस पावलांवर असा तोलायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत मनगटे बोलू लागतात.

पन्हाळ्यात पायी चालणाऱ्यासाठी सलग वाट अशी फारच थोडी आहे. जिथे पदपथ आहे तिथे त्यावर कुठे मक्याच्या कणसांची शेगडी असते, कुठे टोप्यांचा ठेला असतो, तर कुठे दुचाकी उभ्या असतात. अशा ठिकाणी पदपथावरून रस्त्यावर उतरायचे, चार पावले गेल्यावर पुन्हा वर चढायचे, आणि दर वेळी ती वीतभर कड पार करायची. शेवटी आम्ही पदपथाचा नाद सोडून रस्त्याच्या कडेनेच चालू लागलो. तुमचे जावई मागे राहून येणाऱ्या वाहनांना हात दाखवत होते आणि मी पुढे गाडी ढकलत होते. आमची ती वरात पाहून घोडेवालेसुद्धा हसत होते. उतारावर वेगळीच धास्ती वाटते. गाडी हातातून सुटली तर काय, या विचाराने मी ओढणीचे एक टोक दांड्याला आणि दुसरे मनगटाला बांधले आणि सबंध दोन दिवस तशीच फिरले. त्यातच वरची माती तांबड्या जांभ्याची, आणि पाऊस अजून उघडलेला नाही. तो चिखल चाकांच्या आसात जाऊन असा घट्ट बसला की रविवारी सकाळी मी केसांच्या पिनेने तो कोरून काढत बसले होते.

मुक्कामाच्या जागेविषयी सविस्तर लिहिते, कारण तिथेच बाबांची आठवण सर्वांत जास्त झाली. मी आधी फोन करून लहान मूल आहे, बाबागाडी आहे आणि दिवाळीत वडीलधारी माणसेही येणार आहेत, असे सगळे सांगितले होते. "आपल्याकडे लिफ्ट आहे, मॅडम, काही काळजी करू नका," असे उत्तर मिळाले होते. लिफ्ट होती, यात खोटे काही नव्हते. पण लिफ्टपर्यंत पोहोचायला प्रवेशदारातच तीन पायऱ्या चढाव्या लागत होत्या, आणि बाजूला कठडाही नव्हता. मी विचारल्यावर तिथल्या मुलाने मोठ्या आनंदाने आतून एक फळी आणली, जिच्यावरून ते रोज पाण्याच्या बाटल्यांची खोकी वर सरकवतात. बाबा, तुम्ही जन्मभर बांधकाम खात्यात काढलेत, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हा तुमचाच नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तीन पायऱ्यांचा मिळून दीड फूट चढ, म्हणजे अठरा फुटांचा उतार हवा होता. फळी चार फुटांची होती. त्या मुलाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून बाबागाडी वर नेली, आणि छकुलीला तो खेळ इतका आवडला की वर पोहोचल्यावर ती "पुन्ना, पुन्ना" करू लागली.

आता गडाविषयी. तीन दरवाजा पाहायचाच, असे ठरवून आम्ही शनिवारी दुपारी तिकडे गेलो. धुके इतके होते की कमानीवरचे कोरीवकाम जवळ जाईपर्यंत दिसले नाही. दरवाजातल्या फरसबंदीचे दगड शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झाले आहेत, आणि दोन दगडांमध्ये जी फट पडते ती आमच्या चाकाच्या बरोबर मापाची निघाली. चाक फटीत उतरले आणि तिथेच रुतले. मी मागे ओढते आहे, जावई पुढून उचलत आहेत आणि छकुली मध्ये बसून टाळ्या वाजवते आहे, असे चाललेले असताना कणसे भाजत बसलेल्या एक मावशी उठून आल्या आणि म्हणाल्या, "वैनी, हितंच ठिवा की गाडी माझ्याजवळ. पोरगी दगडं चढती, गाडी काय चढत न्हाई." आम्ही बाबागाडी त्यांच्या शेगडीजवळ ठेवली, छकुलीला कडेवर घेतले आणि पुढचा अर्धा तास सगळ्या सहलीतला सर्वांत सुखाचा गेला. शेजारच्या अंधार बावीच्या पायऱ्या मी वरूनच पाहिल्या. तीन मजले खाली जाणाऱ्या त्या ओल्या, काळोख्या विहिरीत मूल घेऊन उतरायची माझी हिंमत झाली नाही. तिथे उभी असताना वाटले की १६६० साली महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघाले तेही पालखीतून. या गडाला खांद्यावरचे ओझे ठाऊक आहे, तेव्हा चाकांचे लाड त्याने करावेत, अशी अपेक्षा आपणच ठेवू नये.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरांच्या आत नवे बांधकाम करायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे तीन दरवाजात कुणी उद्या सिमेंटचा उतार ओतावा, असे कुणाच्या मनात आले तरी ते होणार नाही, आणि होऊही नये. शिवाय २०२१ च्या जुलैत पावसाने वर येणारा मुख्य रस्ताच खचला होता. ज्या गावाला आधी रस्ता टिकवण्याची चिंता आहे, त्या गावाला पदपथाच्या कडेवरून बोलणे मला जड जाते. परंतु यंदा जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला आहे, आता माणसे आणखी येतील, आणि त्यांत आजी-आजोबाही असतील. उचलून ठेवता येईल असा लाकडी उतार, दोन ठिकाणी कठडा आणि बसायला चार बाके, एवढे तरी दगडाला धक्का न लावता करता येईल, असे मला राहून राहून वाटते.

बाकीच्या जागा थोडक्यात सांगते. अंबरखान्यापर्यंत मोटार जवळ जाते. गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची कोठारे बाहेरूनही डोळे भरून पाहता येतात, आणि उघडीप असेल तर समोरच्या गवतावर बाबागाडी चालते. सज्जाकोठीत जिना आहे. आम्ही पाळीपाळीने वर गेलो आणि एकाने खाली बाळाजवळ थांबायचे ठरवले. तबक उद्यानाची वाट पावसाने निसरडी झाली होती, म्हणून फाटकातूनच परत फिरलो. पुसाटी बुरुजाकडे मी गेलेच नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती लिहू की नको, असे दोन दिवस चालले होते. बाबा, तुमच्या उजव्या गुडघ्याविषयी आईने मला जूनमध्येच सांगितले आहे. तिच्यावर रागावू नका. तुम्ही जिना उतरताना आता आडवे होऊन उतरता आणि बाजारात जायचे काम शेजारच्या मुलावर सोपवता, हेही मला ठाऊक आहे. पन्हाळ्यावर गाडी जिथे जिथे अडली, तिथे तिथे मी थांबून पायरीची उंची हाताने मापली आणि धरायला काही आहे का ते पाहिले. गडावरच्या काही पायऱ्या माझ्या दोन वितींच्या जवळपास उंच आहेत, म्हणजे घरच्या पायरीच्या दुप्पट आणि वर थोड्या. छकुलीसाठी हे मापायची गरज नव्हती. तिला उचलता येते.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की मुक्काम आपल्या घरीच करावा. आमचे घर तळमजल्यावर आहे, संडास-न्हाणीघरात धरायला दांडा यांनी गेल्याच महिन्यात बसवून घेतला आहे. एका सकाळी लवकर निघून मोटारीने पन्हाळ्यावर जावे, अंबरखाना पाहावा, तीन दरवाजाच्या बाहेर बाकावर बसून पिठले-भाकरी, ठेचा आणि दही घ्यावे, आणि ऊन चढायच्या आत परत यावे. आई, मोरोपंतांचा जन्म १७२९ साली ज्या गावात झाला ते गाव तू डोळ्यांनी पाहशील आणि तुला पाठ असलेल्या आर्या तिथे बसून म्हणशील, हे माझ्याकडे लागले. बाबागाडी ढकलायची बाबांची हौस संध्याकाळी रंकाळ्यावर फेडू. तिथे सपाट आहे, दर थोड्या अंतरावर बसायची सोय आहे, आणि दांड्याला धरून चालले की काठीची गरज वाटत नाही, हा माझा सासूबाईंवर करून झालेला प्रयोग आहे. अंबाबाईच्या दर्शनाला मात्र बाबागाडी न्यायचीच नाही. महाद्वार रोडवर दिवाळीत माणसालाच वाट मिळत नाही. सुट्टी संपल्यावर एखाद्या साध्या वारी पहाटे जाऊ, गर्दी नसेल तेव्हा उंबरठेही सावकाश ओलांडता येतात.

महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटे काढली नसतील तर ती मीच इथून काढते, कारण अकोल्याहून खालच्या दोन्ही जागा एकाच डब्यात मिळायला हव्यात आणि बाबा "वरची चालेल" असे म्हणून मोकळे होतील. तारीख तेवढी कळवा. बाबा, गुडघ्याचा पट्टा बॅगेत न ठेवता पायात घालून या, आणि ते जुने, तळ झिजलेले बूट अकोल्यालाच राहू द्या. स्टेशनवर मी बाबागाडी घेऊन येईन. छकुलीला कडेवर घेईन आणि तुमची मोठी बॅग गाडीत ठेवू, म्हणजे तुम्हाला हमालाशी घासाघीस करावी लागणार नाही आणि बॅग मीच उचलतो असा हट्टही धरता येणार नाही.

सासूबाईंनी नमस्कार सांगितला आहे. छकुलीचे अनेक गोड पापे.

तुमची,
ताई