हजेरीपट बाजूला ठेवून लेखापरीक्षण कसे शिकणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानांत वाणिज्य शाखेच्या नोट्सचे गठ्ठे दिसू लागतात. लेखापरीक्षणाचा गठ्ठा वेगळा, कारखाना कायद्याचा वेगळा. पहिल्यात प्रमाणन (नोंद मूळ कागदाशी ताडणे) आणि सत्यापन (मालमत्ता व देणी खरी आहेत का ते पाहणे) यांतला फरक आठ मुद्द्यांत दिलेला, दुसऱ्यात ओळीने कलमे. या दोन गठ्ठ्यांची एकमेकांशी गाठ कुठेच पडत नाही, हे आमचे म्हणणे. कारखान्याची मजुरी तपासायची तर एका हातात हजेरीपट आणि दुसऱ्या हातात कायदा घेऊनच बसावे लागते. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाना कायद्यासह २९ कायदे त्यांत गेले. त्यामुळे नोट्समधले निम्मे आकडे आता जुने झाले आहेत.

मजुरीचे प्रमाणन या प्रश्नाचे पाठ उत्तर असे: ‘लेखापरीक्षकाने वेतनपत्रक हजेरीपटाशी ताडून पाहावे.’ हे खरे, पण अर्धेच. वेतनपत्रकातले नाव हजेरीपटात शोधले तर बोगस कामगार सापडतो. उलट दिशेने, हजेरीपटातले नाव वेतनपत्रकात शोधले तर काम करूनही पगार न मिळालेला किंवा कंत्राटदाराच्या नावाखाली ढकललेला कामगार सापडतो. दोन्ही दिशांनी जायला हवे. आणि साखळी दोनच कड्यांची नाही. फाटकावरची नोंद किंवा बोटाच्या ठशाचे यंत्र, हजेरीपट, वेतनपत्रक, बँकेचा उतारा आणि भविष्यनिर्वाह निधीचे मासिक विवरण, या पाच ठिकाणी माणसांची संख्या जुळली पाहिजे. जिथे जुळत नाही तिथे कारण लेखी मागावे. नवीन भरती, मध्येच सोडून गेलेला, निधीच्या कक्षेबाहेरचा, अशी खरी कारणे असतात आणि ती पाच मिनिटांत कागदावर दाखवता येतात. दाखवता आली नाहीत तर पुढची तपासणी तिथूनच सुरू करायची.

महिना निवडतानाही विचार हवा. मार्चचे कागद सगळेच नीट लावून ठेवतात. दिवाळीच्या आधीचा, जादा पाळ्या चाललेला महिना उघडावा.

अंतर्गत तपासणीच्या धड्यात अजून रोख पगाराची पाकिटे आणि अंगठ्याचे ठसे आहेत. पगार खात्यावर जाऊ लागल्यापासून गैरव्यवहाराची जागा बदलली आहे. आता पाहायचे ते हे: कामगाराचा खाते क्रमांक संगणकात कोण बदलू शकतो, बदलाला दुसऱ्या कुणाची मंजुरी लागते का, आणि दोन नावांपुढे एकच खाते आहे का. खाते क्रमांकांची यादी क्रमाने लावली की दुबार क्रमांक लगेच वर येतात. हजेरी लिहिणारा, पत्रक करणारा आणि पैसे सोडणारा ही तीन वेगळी माणसे हवीत, हे जुने तत्त्व मात्र तसेच्या तसे लागू आहे.

जादा कामाच्या मोबदल्यात विद्यार्थी हमखास चुकतात आणि कारखान्यांची कार्यालयेही चुकतात, म्हणून तिथे थोडे थांबू. जुन्या कायद्याच्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ तासांवर किंवा आठवड्याला ४८ तासांवर केलेल्या कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मोबदला. समजा, एका कामगाराला मूळ वेतन आणि भत्ते मिळून महिन्याला १५,६०० रुपये आहेत. २६ दिवसांनी भागले की रोज ६०० रुपये, ८ तासांनी भागले की तासाला ७५, म्हणजे जादा तासाचे १५०. हा कामगार आठवड्यात पाच दिवस ८ तास आणि एक दिवस ११ तास राबला. रोजच्या मोजणीने जादा तास २, आठवड्याच्या मोजणीने ५१ वजा ४८ म्हणजे ३. उत्तर ३ तास, ४५० रुपये. दोन्ही आकड्यांची बेरीज करून ५ लिहिणारे पेपर दरवर्षी असतात. तोच कामगार त्या आठवड्यात एक दिवस गैरहजर असेल तर एकूण तास ४३ होतात, आठवड्याचा निकष लागत नाही, पण त्या ११ तासांच्या दिवसाचे २ जादा तास तरीही द्यावे लागतात. कार्यालये इथेच ‘आठवडा भरला नाही’ म्हणून शून्य लावतात.

चार संहितांपैकी कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत दिवसाची मर्यादा ८ तासांची आहे. त्यामुळे या दुसऱ्या उदाहरणातही जादा तास ३ होतात. हजेरी तीच, कायद्याप्रमाणे उत्तर बदलते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दुप्पट दर फक्त मूळ वेतनावर काढणे. कलम ५९ मध्ये नेहमीचा दर म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला मिळणारे भत्ते, फक्त बोनस आणि जादा कामाचा मोबदला सोडून. नगावर काम करणाऱ्यांसाठी कायद्याने वेगळी मोजणी दिली आहे: लगतच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी कमाई, जादा कामाची रक्कम वगळून. इचलकरंजी-भिवंडीकडे, जिथे मजुरी मीटरवर ठरते, तिथल्या विद्यार्थ्याला हे पोटकलम आधी शिकवायला हवे. बहुतेक नोट्समध्ये ते नाहीच.

जादा मोबदल्याची आणखी एक गंमत आहे. संहितांच्या आधीच्या कायद्यात कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) वर्गणी काढताना ही रक्कम वेतनात धरली जात असे, पण कामगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत बसतो की नाही हे ठरवताना धरली जात नसे. भविष्यनिर्वाह निधीत ती मुळीच धरली जात नसे. एकाच वेतनपत्रकात तीन रकान्यांना तीन वेगळे आधार, म्हणून प्रत्येक रकाना स्वतंत्र तपासायचा.

रजेचे गणित सोपे दिसते, तसे ते नाही. जुन्या कायद्यात २४० दिवस काम झाले की दर २० दिवसांना एक दिवस भरपगारी रजा. आदल्या वर्षी कमावलेली आणि यंदा भोगलेली रजा २४० च्या मोजणीत धरतात, पण तिच्यावर नवी रजा मिळत नाही. प्रत्यक्ष काम २३० दिवस आणि भोगलेली रजा १२ दिवस असेल तर बेरीज २४२, म्हणून कामगार पात्र. रजा मात्र २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा, आणि अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक पूर्ण दिवस धरायचा असल्याने १२ दिवस. नव्या संहितेत पात्रता १८० दिवसांवर आली आहे. इथून लेखापरीक्षकाचे काम सुरू होते. ३१ मार्चला शिल्लक असलेली रजा हे कारखान्याचे देणे आहे, कर्मचाऱ्यांच्या लाभांविषयीच्या लेखा मानक १५ प्रमाणे त्याची तरतूद ताळेबंदात लागते. ‘कामगार सोडून जाईल तेव्हा देऊ’ हे उत्तर चालत नाही.

कपातीच्या रकान्यात तारखा महत्त्वाच्या. निधी आणि राज्य विमा यांची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. १९६१ च्या आयकर कायद्याखाली कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा या तारखेनंतर भरला तर मालकाला त्याची वजावट मिळत नाही, मग विवरणपत्राच्या आधी भरलेला असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेस खटल्यात हे पक्के केले. मालकाच्या स्वतःच्या वाट्याचा नियम वेगळा आहे. नोट्समध्ये दोन्ही वाटे ‘निधी वर्गणी’ या एकाच ओळीत कोंबलेले असतात, म्हणून चलनाची तारीख पाहायची हेच विद्यार्थ्याला सुचत नाही.

आता २०२५-२६ च्या हिशेबांचा प्रश्न. २० नोव्हेंबरपर्यंत जुना कायदा, पुढे नवा, आणि ताळेबंद एकच. वेतन संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. एकूण २४,००० पैकी मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ९,००० आणि घरभाड्यासारखे वगळलेले भत्ते १५,००० असतील, तर निम्म्यावरचे ३,००० मिळवून वेतन १२,००० होते. उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद या १२,००० वर काढावी लागते, ९,००० वर नाही. पगाराच्या तारखेतही फरक पडला. पूर्वी हजार किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला १० तारखेपर्यंत मुभा होती, आता मासिक पगार सर्वांना ७ तारखेपर्यंत.

जाता जाता किंग्स्टन कॉटन मिलबद्दल. १८९६ च्या या खटल्यातले ‘लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे’ हे वाक्य प्रत्येक नोट्समध्ये ठळक अक्षरांत असते. खटला कशाचा होता हे विचारा, उत्तर येत नाही. व्यवस्थापकाने कापूस आणि सुताचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या प्रमाणपत्रावर विसंबून तो मान्य केला. न्यायालयाने त्यांना दोषी धरले नाही. आजच्या मानकांप्रमाणे साठा मोठा असेल तर मोजणीच्या वेळी शक्यतो स्वतः हजर राहावे लागते, त्यामुळे ते वाक्य तेवढेच उद्धृत करून उत्तर संपवणे चुकीचे आहे.

नोट्स छापणाऱ्यांना आणि वर्गात त्या वाचून दाखवणाऱ्यांना एकच विनंती. प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या कायद्याचा आणि कुठपर्यंतचा, हे लिहा. उपाहारगृह: कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार, संहितेत १०० पासून. पाळणाघर: आधी ३० हून अधिक स्त्री कामगार, आता स्त्री-पुरुष मिळून ५० हून अधिक. कल्याण अधिकारी: आधी ५००, आता २५०. सुरक्षा अधिकारी: आधी १,०००, आता ५००, आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात २५०.

आपले,
लेखापरीक्षण व कामगार कायद्याचे अध्यापक, पिंपरी-चिंचवड