बटू दीर्घिकांचं खाणंपिणं

पुणे

प्रिय नंद्या,

आकाशगंगा बटू दीर्घिकांना, म्हणजे ताऱ्यांच्या छोट्या वसाहतींना, गिळते, मग बटू कोणाला गिळतात, असं विचारलंस. आपल्याहून बटूंना! पण ते सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

एनजीसी ४४४९ ही बटू दीर्घिका घे. शामशबल तारकासमूहातली, सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरची, साधारण मॅजेलनच्या मोठ्या मेघाएवढी (ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण बटू). २०१२ मध्ये तिच्या कडेला ताऱ्यांचा फिकट पट्टा सापडला, तोही जेमतेम अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीतून. मग ८.२ मीटरच्या सुबारूने त्यातले तांबडे राक्षसी तारे सुटे करून दाखवले, म्हणून शंका मिटली. हा पट्टा म्हणजे ओढून लांबवलेली छोटी दीर्घिका. जवळच्या बाजूवर ओढ जास्त, लांबच्या बाजूवर कमी; आत निसटलेले तारे पुढे पळतात, बाहेरचे मागे रेंगाळतात.

ताऱ्यांचं वस्तुमान पाहिलं तर पाहुणी यजमानाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य, धरलं तर मात्र दहावा ते पाचवा हिस्सा निघू शकतो. दीर्घिका जितकी लहान, तितके तिच्या कृष्णद्रव्याच्या मानाने तारे कमी. त्यामुळे धक्का मोठा, उजेड नगण्य. खरी गोम इथेच आहे.

काठावर म्हातारे तारे दिसले की लगेच 'विलीनीकरण' म्हणू नकोस. बटूच्या पोटात ताऱ्यांचे स्फोट होऊन वायू बाहेर फेकला गेला की गुरुत्वाची पकड ढिली पडते आणि तिचे स्वतःचेच तारे बाहेर सरकतात. म्हणून वेग आणि रसायनही तपासायचं. मॅजेलनच्या मोठ्या मेघातल्या एनजीसी २००५ या तारकागुच्छात लोह शेजारच्या गुच्छांइतकंच, पण सिलिकॉन, कॅल्शियम कमी. म्हणजे तो परका, गिळलेल्या दुसऱ्या दीर्घिकेतून आलेला. २०२१ मधला हा पुरावा मला सगळ्यांत पटतो.

वायूसाठी आपल्या खोडदच्या जीएमआरटीसारखी रेडिओ दुर्बीण लागते. हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्‌झची रेषा किती सरकली त्यावरून वेग कळतो. एनजीसी ४४४९ मध्ये आतला वायू एकीकडे फिरतो, बाहेरचा उलटा! जीएमआरटीच्या ३० अँटेनांपैकी मधल्या १४ गाळल्या तर पसरट वायू चित्रातून गायबच होतो. एकमेकींपासून लांब असलेल्या अँटेनांच्या जोड्यांना फक्त बारकावे दिसतात.

फोटो काढायचाच असेल तर एप्रिलअखेरीस, अमावस्येच्या आसपास, रात्री दहाला. शामशबलचा बीटा तारा धर आणि वायव्येला तीनेक अंश सरक. कोथरूडच्या गच्चीवरून दीर्घिका मिळेल, पट्टा नाही. त्यासाठी भीमाशंकरच्या बाजूला जा आणि कित्येक तासांचं एक्स्पोजर जमव. प्रत्येक फ्रेमला दुर्बीण थोडी हलव आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा फोटो, कॅमेऱ्याचा असमानपणा काढायला) त्याच रात्री घे, कॅमेरा न फिरवता. फ्लॅट चुकला की कोपऱ्यातला उजेड हुबेहूब पट्ट्यासारखा दिसतो. पार्श्वभूमी सपाट करणारं सॉफ्टवेअर जपून वापर, ते पट्टाच पुसून टाकतं.

फायली रॉ पाठव, जेपीईजी नको.

तुझा,
अव्या