पहिली दहा मिनिटं

नौपाडा, ठाणे

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

नेरुळला तुझी मार्केटिंगची संध्याकाळची बॅच सुरू होतेय, फार आनंद झाला. तास सुरू कसा करायचा, असं विचारलंस. मला विचारशील तर पुढचा सगळा तास पहिल्या दहा मिनिटांतच ठरतो.

तुझ्यासमोर कोण बसणार आहे ते बघ. पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, मोबाइल कव्हरच्या दुकानातला मुलगा, विम्याचे एजंट असलेले काका. दिवसभर राबून, लोकलमधून लोंबकळत आलेली ही माणसं वर्षानुवर्षं खरेदी-विक्री करत आली आहेत. फळ्यावर व्याख्या लिहिलीस की ती मुकाट्याने उतरवून घेतील, पण स्वतःचं काही बोलणार नाहीत. त्यांना आधी बोलतं कर.

सध्या आंब्याचे दिवस आहेत. वाशीच्या फळबाजारातून हापूसची पेटी घे आणि त्यातले सारख्या आकाराचे चार आंबे निवड. दोन गवत घातलेल्या छोट्या खोक्यात ठेव, वर बागेच्या गावाचं नाव लिही. दोन नुसतेच वर्तमानपत्रावर. मग प्रत्येकाला दोन्ही जोड्यांचा भाव चिठ्ठीवर लिहायला सांग. तोंडी विचारू नकोस, पहिला जो आकडा सांगतो त्याच्याच मागे सगळे जातात. माझ्या वर्गात खोक्यातल्या आंब्यांना जास्त भाव आला. चारही एकाच पेटीतले, असं सांगितल्यावर जी चर्चा पेटली! खोक्याचे पैसे की विश्वासाचे? कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून का विकला जातो? कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, मिळालं, ते कशासाठी? अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये मांडलेले मार्केटिंगचे चार ‘पी’, म्हणजे वस्तू (प्रॉडक्ट), किंमत (प्राइस), ठिकाण (प्लेस) आणि प्रसिद्धी (प्रमोशन), हे सगळं वर्ग तोवर स्वतःच बोलून गेलेला असतो. आपण फक्त नावं द्यायची.

एक मात्र सांभाळ. खोक्यावर गावाचं नाव खरं असेल तेच लिही. विक्री शिकवणाऱ्याने खोट्याने सुरुवात करू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मोसम संपला की शाम्पूचं पाउच ने. तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये थोडक्या भांडवलावर चिक शाम्पू काढला. त्यांनी एक योजना आणली: कुठल्याही कंपनीची रिकामी पाउच आणा आणि चिकचं एक फुकट न्या. गोष्ट इथेच थांबव. ‘लोक आता चिक वापरायला लागलेत. तुम्ही मालक असता तर पुढे काय केलं असतं?’ असं विचार. उत्तरं येऊ देत, घाई करू नकोस. मग सांग, की पुढे त्यांनी फक्त चिकचीच रिकामी पाउच घ्यायला सुरुवात केली. दुकानदार मंडळी हे ऐकून लगेच वहीत आपल्या दुकानाचं गणित मांडायला लागतात.

जाहिरातींचे व्हिडिओ सुरुवातीला नकोत. लोक खूश होतात, पण जुन्या जाहिरातींच्या आठवणींतच वेळ जातो. ओळखपरेडही नको, ‘गेल्या आठवड्यात ठरवलं नसताना काय विकत घेतलंत?’ एवढं विचारलंस तरी माणूस कळतो.

आंबे आणायला शनिवारी पहाटे जाणार असशील तर कळव, मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येऊन फळबाजारासाठी तुर्भ्याला उतरतो. पेटी मिळून निवडू. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझाच,
ठाणेकर दोस्त