तारीख इंजेक्शनच्या वहीतून काढ

प्रिय सोनू,

नाकाचं ऑपरेशन करायचं म्हणतेस, माझी ना नाही. नाक तुझं, निर्णय तुझा. फक्त सुट्टी बघून तारीख घेऊ नकोस.

अ‍ॅडॅलिम्युमॅब हे संधिवाताचं इंजेक्शन तू दर १४ दिवसांनी घेतेस. ऑपरेशन शेवटच्या इंजेक्शननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात बसवतात आणि मध्ये येणारा डोस थांबवतात. ऑपरेशननंतर साधारण १४ दिवसांनी टाके निघाले, जखम कोरडी आहे, लाली किंवा पू नाही असं दिसलं, की तो पुन्हा सुरू होतो. हा हिशेब मुळात खुबा-गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांसाठी बांधलेला. नाकाला जसाच्या तसा लागू नाही, पण डॉक्टर बोलायला सुरुवात तिथूनच करतात. मेथोट्रेक्सेट, तुझं संधिवाताचं दुसरं औषध, मात्र त्यात चालूच ठेवतात. 'थोडे दिवस सगळंच बंद करू' हा विचार मनातून काढ. आजार उसळला की स्टेरॉइड वाढवावं लागतं, आणि जखम भरायला तेच जास्त आड येतं.

प्रेडनिसोलोन, म्हणजे तुझी स्टेरॉइडची गोळी, तर एक दिवसही चुकवायची नाही. बरेच आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे ताण झेलायला लागणारं संप्रेरक, बनवणं कमी करतात. ऑपरेशनच्या ताणात ते अपुरं पडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. उपाशीपोटी असताना सकाळची गोळी कशी घ्यायची, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचार. डोस रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर हौसेचं ऑपरेशन थांबू शकतं.

सर्जन सिलिकॉनचा तुकडा बसवू म्हणाले, तर स्वतःच्या कूर्चेने काम होईल का ते विचार. परक्या वस्तूवर जंतूंचा थर बसला की अँटिबायोटिक आत नीट पोहोचत नाही. बहुतेक वेळा ती वस्तू काढावीच लागते. तुझ्या औषधांवर हा धोका वाढतो.

आणखी एक फसवं: या औषधांमुळे ताप दबू शकतो. जंतुसंसर्ग असूनही अंग गार लागू शकतं. त्यामुळे थर्मामीटरवर विसंबू नकोस. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, सूज एकाच बाजूला आली, जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी फोन. आणि ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर घेण्याआधी मेथोट्रेक्सेटचं नाव सांग. दोन्ही एकत्र आली की अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, दबू शकते आणि रक्तपेशी धोकादायक घटू शकतात.

सर्जनच्या फॉर्मवर नुसतं 'संधिवाताच्या गोळ्या' असं लिहू नकोस. प्रत्येक औषधाचं नाव, डोस, शेवटची तारीख लिही. संधिवाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी सर्जनच्या हाती पडेपर्यंत आगाऊ पैसे भरू नकोस.

तुझी,
आई